मोर्चात भूक लागत न्हाई

हे वाक्य माझ्या आईचं. चाळीत कुणाच्या लग्नात पंगत उशिरा बसली, कुणाला संकष्टीला चंद्रोदयापर्यंत कळ निघेना, की आई पदर खोचत म्हणायची, "मोर्चात भूक लागत न्हाई." ऐकणाऱ्या बायका हसायच्या. आण्णा हसायचे नाहीत. का, ते पुढे येईलच.

१९७३ साली मी पाच वर्षांची होते. आदल्या वर्षीच्या दुष्काळानं गावाकडं, पाटण तालुक्यात, विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि लालबागला आमच्या रेशनच्या दुकानात अमेरिकेहून आलेला मिलो मिळत होता. तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना कडा फुटायच्या. आई एकेका चिरेवर ओलं बोट फिरवून ती बुजवायची, भिंत लिंपावी तशी. तेल, डालडा, साखर, रॉकेल, सगळ्याला रांग. रांगेत माणसांच्या जागी डबे, विटा, तुटकी चप्पल ठेवून नंबर लावलेले. लाटणे मोर्चाची बातमी आमच्याकडे पेपरातून आली नाही, रॉकेलच्या त्या रांगेतून आली.

'महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती' हे नाव आईला अजूनही एका दमात म्हणता येत नाही. तिच्या लेखी त्या 'लाटण्यावाल्या'. अहिल्याताई रांगणेकर, तारा रेड्डी, मृणालताई गोरे, प्रमिला दंडवते. यांतल्या कम्युनिस्ट कोण आणि समाजवादी कोण, हे तिला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही. आदल्या रात्री तिनं आण्णांना एवढंच सांगितलं, "उद्या उशीर हुईल. पिठलं करून ठेवलंय." मला शेजारच्या काकूंकडे सोडलं, फडताळातली थाळी आणि लाटणं घेतलं आणि गेली. भायखळ्याच्या पुढं ती तोवर कधी एकटी गेली नव्हती.

त्या दिवसाबद्दल मी तिला आयुष्यभर खोदून खोदून विचारलंय. नोकरीला लागले, चार पुस्तकं वाचली, तेव्हा मला वाटायचं की तिनं मागण्यांबद्दल बोलावं, भाषणांबद्दल सांगावं. तिला भाषण एकही आठवत नाही. आठवतो तो थाळ्यांचा आवाज. "पाऊस पत्र्यावर पडतो न्हवं, तसा. पण पाऊस आपल्या हातातनं पडतोय." आठवतं ते तेव्हाच्या सचिवालयाकडं जाताना काळ्या घोड्यापाशी पोलिसांनी अडवल्यावर रस्त्यावर बसकण मारली ते. भर रस्त्यात, मांडी घालून. रस्त्याच्या मधोमध आपण बसलोय आणि गाड्या थांबल्यात, याचं तिला आजही हसू येतं. आणि आठवते शेजारी बसलेली कामाठीपुऱ्याची एक तेलुगू बाई. तिला मराठी येईना, आईला तेलुगू येईना. त्या बाईनं केळं सोललं, मोडलं, अर्धं आईच्या हातावर ठेवलं. संध्याकाळी दोघी एका बसनं परतल्या, भायखळ्याला ती उतरली, आणि विषय संपला. पुन्हा कधी भेट नाही. पण पुढची पन्नास वर्षं आई तिचा उल्लेख 'माझी मोर्चातली मैत्रीण' असाच करत आली आहे. आमच्या चाळीतल्या, रोज नळावर भेटणाऱ्या कुठल्याही बाईला तिनं मैत्रीण म्हटलेलं मला आठवत नाही. त्या सगळ्या कुणाच्या तरी काकू, वहिनी, मावशी होत्या.

दिवसभरात पोटात गेलं ते अर्धं केळं. त्यावरून ते वाक्य.

स्वस्ताई आली का? थोडीफार, काही दिवस. आई त्याबद्दल कधी तक्रार करत नाही आणि मी विचारलं तर माझ्याकडं, मी भलतंच काहीतरी विचारल्यासारखी पाहते.

आण्णा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. साच्यांच्या खडखडाटात आठ आठ तास काढलेली माणसं कानानं अधू होत जायची. आण्णा घरी मोठ्यानं बोलत, आम्हीही ओरडून उत्तर देत असू, आणि नवीन पाहुण्याला वाटे या घरात सारखी भांडणं चालतात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. भोंगा वाजायचा बंद झाला. तेरा-चौदा वर्षांच्या मला त्या पहिल्या दिवसांतली सगळ्यात चक्रावणारी गोष्ट अशी की आण्णा तरुण दिसायला लागले. पाळी नाही म्हणून झोप पुरी होत होती, हे झालंच. पण सभेला निघताना ते दाढी करायचे, धुतलेला शर्ट घालायचे. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांची सभा असली की दोन तास आधी जाऊन पुढं बसायचे. परत आले की चेहरा असा, जणू गावच्या जत्रेतून आलेत.

एकदा मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

आण्णा जरा थांबले. मग म्हणाले, "काय की. ऐकू कुठं येतंय. लोकं टाळ्या वाजवत्यात तवा मीबी वाजवतो."

ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं विनोद म्हणून सांगत असे. आता सांगवत नाही. ज्याला भाषणातला एक शब्द कळत नव्हता, तो माणूस त्या सभांतून भरून परत येत होता. कशानं? साच्यावर माणूस एकटाच असतो. शेजारच्या साच्यावरच्याशी बोलायचं तर ओठ वाचावे लागतात, खुणा कराव्या लागतात. वीस वर्षं ज्याच्या शेजारी काम केलं त्याचा आवाज कसा आहे, हे आण्णांना संपात कळलं. ते स्वतःच मला म्हणाले होते, "त्याचा आवाज बायकी हाय गं!" आणि खो खो हसले होते.

पण पुढचं सांगितलं नाही तर हा लेख लबाड होईल. चार महिने गेले, आठ गेले, वर्ष गेलं. गावाकडून येणारं धान्य आटलं. पितळेची भांडी गेली, मग आईच्या कानातलं गेलं. आई पापड लाटायला लागली, किलोवर. लाटणं तेच, १९७३ चं. थाळीच्या कडेवर आपटून त्याला एका टोकाला खाच पडली होती, ती पापडावर उमटू नये म्हणून आई ते टोक हातात मुठीत धरून लाटायची. त्याच दिवसांत एका रात्री, कशावरून तरी, ती सवयीनं म्हणून गेली, "मोर्चात भूक लागत न्हाई." आण्णा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "मोर्चात न्हाई लागत. घरी आल्यावर लागती."

त्यानंतर आईनं ते वाक्य बरीच वर्षं उच्चारलं नाही.

गिरणी संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो नुसता विरत गेला. आण्णा पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत. एका इमारतीवर वॉचमन म्हणून लागले, तिथं शांतता होती आणि त्यांना ती सोसत नसे. ते गेल्यावर ट्रंकेत युनियनचा बिल्ला सापडला, रुमालात गुंडाळलेला. मला त्याचा राग आला होता. ज्या गोष्टीनं घर बुडवलं तिचा बिल्ला जपायचा कशाला? आई म्हणाली, "र्‍हाऊ दे. ते त्याचं होतं." ती आण्णांना एकेरीत बोलल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मी बँकेत लागले, लग्न होऊन मुलुंडला आले. युनियनच्या निदर्शनांना जायचे, गेटवर घोषणा द्यायच्या, साडेदहाला आत जाऊन खुर्चीवर बसायचं. त्यातही एक गंमत असते, नाही म्हणत नाही, पण ती सहलीच्या जातीची. मग ३ डिसेंबर २००८. हल्ल्याला आठवडा झाला होता आणि गेटवेला मुंबई लोटली होती. मीही गेले, मेणबत्ती घेऊन. इतकी माणसं मी एका जागी क्वचितच पाहिली असतील. सगळे दुखावलेले, संतापलेले, खरोखरचे. एक जण युद्ध मागत होता, एक जण कर भरू नका म्हणत होता, एकीच्या फलकावर सगळे राजकारणी चोर होते. मी दोन तास होते. परतताना ट्रेनमध्ये मला कडकडून भूक लागली आणि आईची आठवण झाली. त्या गर्दीत मी कुणाशीही बोलले नव्हते. माझ्याशीही कुणी बोललं नव्हतं. प्रत्येक जण आपापली मेणबत्ती विझू नये म्हणून तिच्याभोवती हात धरून उभा होता.

दुःख खोटं होतं असं मला म्हणायचं नाही. नुसतं एकत्र उभं राहणं पुरत नाही, एवढंच तेव्हा जाणवलं. केळं मोडावं लागतं.

बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर मराठवाड्यातले एक सहकारी होते. दरवर्षी १४ जानेवारीला ते रजा टाकत. संक्रांत म्हणून टाकतात असं मला पहिली दोन वर्षं वाटलं. मग कळलं की ते औरंगाबादला विद्यापीठाच्या गेटवर जातात. नामांतराचा ठराव विधिमंडळानं केला २७ जुलै १९७८ ला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव विद्यापीठाला प्रत्यक्ष लागलं ते १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामविस्तार म्हणून. मधली साडेपंधरा वर्षं मोर्चे, सत्याग्रह, लाँग मार्च, तुरुंग. ते स्वतः कॉलेजात असताना आत गेले होते. मी त्यांना माझ्या आईचं वाक्य सांगितलं. त्यांना आवडेल असं वाटलं होतं. ते चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, तुमच्या आई मोर्चाहून घरी आल्या. आमच्याकडे मोर्चाला गेलं की मागं घर राहील का, हा प्रश्न होता." मी ओशाळले. मग तेच म्हणाले, "पण गाणी होती. रात्रभर गाणी. भीती वाटत असली की माणूस गाण्यात मोठ्यानं आवाज लावतो, तुम्ही बघा."

आमच्यासारख्यांना मोर्चातून मिळतं ते बळ आणि त्यांना मिळायचं ते बळ एका मापानं मोजू नये, हे मी त्यांच्याकडून शिकले. आईला एक दिवस स्वयंपाकघरातून सुटका मिळाली, आण्णांना शेजाऱ्याचा आवाज मिळाला, ह्यांना एक रात्र न भिता काढता आली. आपण सगळ्याला आंदोलन म्हणतो.

आणि हो, भाड्यानं आणलेली गर्दीही असते. ट्रकमधून उतरवलेली, हातात कुणाचा झेंडा आहे हे न पाहणारी, पाकीट आणि पुडा मिळाला की सावली शोधणारी. आझाद मैदानाच्या परिसरात नोकरी केलेल्या माणसाला हे नवं नाही. गंमत अशी की त्यांनाही मी ट्रकमध्ये गाताना पाहिलंय.

आता २०१८. ६ मार्चला नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा मोर्चा निघाला, सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीकडचे आदिवासी शेतकरी, कसारा घाट उतरून, सुमारे १८० किलोमीटर. पहिले चार दिवस मुंबईला पत्ता नव्हता. रविवारी, ११ तारखेला, ते मुलुंडला आले तेव्हा महामार्ग लाल झाला होता. लाल टोप्या, लाल झेंडे, आणि खाली पाय. सगळ्यांनी पायांचेच फोटो काढले, ते तुम्ही पाहिले असतील. डांबरानं सोललेले तळवे, चिंध्या बांधलेल्या टाचा.

आमच्या सोसायटीतून आम्ही सात-आठ जणी पाणी आणि बिस्किटं घेऊन उभ्या होतो. मुंबईकराला दान करायचं म्हटलं की बिस्किटंच सुचतात. आमच्या आधी ठाण्याच्या लोकांनी दिली होती, आमच्यानंतर भांडुपवाले देणार होते. एक बाई थांबली. साठीची असेल, ठेंगणी, कपाळावर गोंदण, कळवणकडची. मी पुडा पुढं केला तर तिनं ओटीकडं बोट दाखवलं, आत पाच पुडे होते. मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "तू जेवली का, बाई?"

मी सकाळी दहापासून उभी होते. दोन वाजले होते. मी खोटं बोलायच्या आत तिनं ओटीतला एक पुडा काढून माझ्या हातात दिला. "खा. उन्हाची उभी हायेस."

वन हक्काचा कायदा २००६ चा. ती कसत होती ते जंगलातलं रान दोन एकर, पट्टा आला तो काही गुंठ्यांचा, एवढं तिनं पाण्याची बाटली रिकामी होईस्तोवर सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही, एखाद्यानं बसचा नंबर सांगावा तसं. मग तिच्या गावच्या बायका पुढं निघाल्या आणि तीही निघाली. मी नाव विचारलं नाही. पुडा उघडून तिथंच, रस्त्याच्या कडेला, सगळी बिस्किटं खाल्ली.

त्या आठवड्यात पेपरांतून या मोर्चाची वारीशी तुलना फार झाली. शिस्त, पायी चालणं, रात्रीची गाणी, सगळं खरं. तरी ती तुलना मला खटकते. विठ्ठल कुणाला लेखी आश्वासन देत नाही. वारकरी पुढच्या आषाढीला पुन्हा जातो तो ओढीनं. यांना पुन्हा यावं लागणं ही कुणाची तरी चूक असते.

माझी लेक तेव्हा दहावीला होती. सोमवारी मोर्चा सोमय्या मैदानावरून सकाळी निघणार, रस्ते बंद होणार, म्हणून आम्ही केंद्रावर किती वाजता पोचायचं याचे हिशेब करत होतो. मग रात्री बातमी आली की दहावीची मुलं अडकू नयेत म्हणून मोर्चा रात्रीच चालणार. दिवसभर चाललेली माणसं पुन्हा उठून चालणार. लेक वही मिटून म्हणाली, "माझ्यासाठी?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आई तेव्हा भावाकडे, लालबागच्या जुन्या खोलीतच होती. पहाटे तीनच्या सुमाराला माझा फोन वाजला. म्हातारं माणूस आणि अपरात्री फोन, माझ्या छातीत धस्स झालं. आई कुजबुजत होती. "चाललेत गं. खालनं चाललेत." मी म्हटलं, घोषणा ऐकू येत नाहीत. "देत न्हाईत. लोकं झोपल्यात म्हणून. नुसत्या पायांचा आवाज येतोय." मग तिनं फोन गॅलरीच्या कठड्याबाहेर धरला असावा. मला काही ऐकू आलं नाही, फोनची खरखर तेवढी. मी तरी बराच वेळ तो कानाला लावून बसले. शेवटी आई म्हणाली, "तुझा बा असता तर त्याला कळलं नसतं कुणी चाललंय म्हणून." आणि मग, "न्हाई, त्याला कळलं असतं."

उजाडायच्या आत ते आझाद मैदानात पोचले. लेकीनं पेपर दिला. संध्याकाळपर्यंत सरकारनं बहुतेक मागण्या मान्य केल्या, लिहून दिलं, परत जायला खास रेल्वेगाड्या सोडल्या. बऱ्याच दिवसांनी आईनं आपलं वाक्य पुन्हा म्हटलं.

२०१९ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा नाशिकहून निघाले. बहुतेक मागण्या त्याच होत्या. पुन्हा लेखी आश्वासन, परत. २०२३ च्या मार्चमध्ये दिंडोरीहून पुन्हा. या वेळी वासिंदपर्यंत आले.

तोवर आई मुलुंडला माझ्याकडे राहायला आली होती. वासिंदच्या मुक्कामाच्या बातम्या दाखवत होते. झाडाखाली अंथरलेली कांबळी, चुलीवरची मोठी पातेली. आईला आता कमी दिसतं. ती खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसली. आधी तिनं विचारलं, "जेवल्या का त्या?" मी म्हटलं, खिचडी शिजतेय.

"आन् तुझी ती मैत्रीण? कळवणची?"

मी म्हटलं, आई, पाच वर्षं झाली, काय माहीत आली असेल का. नावसुद्धा माहीत नाही मला तिचं. तरी कॅमेरा गर्दीवरून फिरायला लागला तशी मी हातातली भाजी खाली ठेवून जवळ गेले. लाल टोप्यांच्या रांगा सरकत होत्या, चेहरे येत होते आणि जात होते.

"म्होरं नगं बघू," आई म्हणाली. "मागल्या रांगंत बघ. ठेंगणी हाय म्हणालीस न्हवं."